रफीकची लाल रेघ

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला पाण्याची मोटर दाखवत होतो. झोपेतच गेला, त्याची बायको शमीमभाभी म्हणाल्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की इथंही गडी माझ्या आधीच पोचला! काय करणार… शुक्रवार पेठेतल्या एकाच गल्लीत वाढलो आम्ही, पण त्याचा हेवा वाटला नाही असा दिवस मला आठवत नाही. पोहण्यात तो पुढं, सायकलीवर तो पुढं, विमान चालवायचा परवानाही आधी त्याच्याच खिशात.

विमान मात्र दोघांचं. त्याच्या ट्रकबॉडीच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी जोडत जोडत आम्ही ते उभं केलं. खुर्चीचं माप घेताना बसला तो आणि टेप माझ्या हातात. टेप धरणाऱ्याचं पोट कुणी मोजलंच नाही! ही चूक उघडी पडली ती वेगाच्या चाचणीच्या वेळी. घरी बांधलेलं विमान किती जोरात पळवायचं, याची हद्द आपणच शोधायची असते. ती ओलांडली तर शेपूट फडफडायला लागतं, आणि मग ते तुटायला वेळ लागत नाही. म्हणून पाठीला पॅराशूट बांधून एकट्यानं उंच जायचं, वेग टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, दर टप्प्याला विमान वळवायच्या काठीला टिचकी मारायची आणि थरथर लगेच विरते का ते बघायचं. मी पॅराशूट बांधून बसलो तर पुढं सरकलो आणि काठी थेट पोटात रुतली. मागं ओढताच येईना. रफीक हसून हसून लोळला. “शिवा, तुज्या पोटाची आन काठीची लई दोस्ती हाय की!”

मग काय, तो वर आणि मी माळशिरसकडच्या माळावर रेडिओ घेऊन खाली. दर टप्प्याआधी तो विचारायचा, “शिवा, वाढवू?” मी हिशेब बघून “वाढव” म्हणायचो, तेव्हाच तो वाढवायचा. तसं आमचं ठरलंच होतं. एका टप्प्याला तो म्हणाला, “आता थरथर लौकर विरंना.” मी जळफळत म्हणालो, “हिशेबात अजून एक टप्पा बसतोय.” “हिशेब खाली हाय शिवा, मी वर हाय,” म्हणाला आणि अलगद वेग कमी करून उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या वेगाच्या बऱ्याच अलीकडं, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर, लाल रेघ ओढली. पुढं मीही ते विमान खूप उडवलं, पण पॅराशूटशिवाय आणि त्या रेघेच्या आत. हद्द शोधणारा तो, मी ती पाळणारा. लोक रफीकचं विमान म्हणायचे, माझी बायकोसुद्धा! “माझ्या मापाची खुर्ची कर की,” म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच्यामागं भुणभुण लावली. “करू की,” एवढंच त्याचं उत्तर.

रफीकचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी शेडची किल्ली हातात ठेवली. “शिवाभाई, शेवटी शेवटी सारके तितंच असायचे. इचारलं तर म्हनायचे, शिवाला सांगू नको.”

आत गेलो तर खुर्चीची पाठ चांगली मागं सरकवलेली, नवं वेल्डिंग केलेलं. पॅराशूट बांधून बसलो. काठी आणि पोट यांच्यामध्ये वीतभर जागा उरली. “एवढा काय जाड न्हाय मी, रफ्या!” मी मोठ्यानं ओरडलो. मग तबकडीकडं लक्ष गेलं. लाल रेघ खरवडून काढलेली होती. खुर्ची सरकली की तोल बदलतो, जुनी हद्द चालत नाही, पहिल्या टप्प्यापासून ती पुन्हा शोधावी लागते… आणि या वेळी ते काम त्यानं माझ्यासाठी ठेवलं होतं.

फळीवर दोन्ही रेडिओ शेजारी शेजारी होते. दोन्ही चालू केले, एक उचलून मी पुन्हा खुर्चीत बसलो, बटण दाबलं आणि “वाढवू?” म्हणालो. फळीवरच्या दुसऱ्या रेडिओतून माझाच आवाज आला. जन्मभर त्याच्या खुर्चीवर जळलो, ती आता माझी झाली. पण तो वर असताना खाली मी होतो. त्याचा खरा हेवा मला आता वाटतो.