आमच्या खोलीचे तीन समान भाग

गणितात मी किती हुशार, हे आमच्या अख्ख्या लालबागच्या चाळीला ठाऊक आहे. तरी लेकीला अपूर्णांक शिकवायला मीच बसलो. तिने भाकरीचे तीन वेडेवाकडे तुकडे केले आणि प्रत्येकाला एक तृतीयांश म्हणून मोकळी झाली.

“भाग समान हवेत गं,” मी म्हटलं आणि खडू घेतला. आमच्या खोलीच्या लांबीत बारा लाद्या. चार, चार, चार. दोन रेघा ओढल्या. मास्तर म्हणून स्वतःवरच खूश झालो.

रविवार होता, माझे दोघे धाकटे भाऊ जेवायला आले होते. चाळ पाडून टॉवर उठणार, अशी बोलणी सुरू झाल्यापासून त्यांच्या फेऱ्या वाढल्या होत्या. खोली वडिलांची, ते गेल्यावर तिघांची. हे आजवर कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. मी जमिनीवर लिहून ठेवलं.

“दादा, वाटणी पण करून टाकलीस?” मधला हसला.

“मोरी कोणाच्या वाट्याला?” धाकट्याने विचारलं. तोही हसत होता, पण बोलता बोलता त्याने आपली खुर्ची दाराकडच्या चार लाद्यांत ओढून घेतली. मधला खिडकीखाली जाऊन उभा राहिला. बायकोची फोडणी जळल्याचा वास आला, तरी कुणी आपल्या लाद्या सोडल्या नाहीत.

आई खाटेवर लसूण सोलत होती. खाट बरोबर रेघेवर.

“बाबा, आजी अर्धी तुमच्यात, अर्धी काकांच्यात,” लेक म्हणाली. “मग आजीचे पण भाग करायचे?”

“गप गं,” मी म्हटलं. आईने पाय वर घेतले.

“माझो भाग खंयचो रे?”

“आये, तू काय, सगळ्यांचीच,” धाकटा घाईने म्हणाला. नव्या घरात ती कोणाकडे झोपणार, हे मात्र तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

आईने लसणीची सुपली बाजूला ठेवली. “मगे माझी खाट गॅलरीत काढा. थंय कोणाचो भाग नाय.”

आम्ही मोठ्याने हसलो. हसणं थांबलं तेव्हा मधल्याने खाटेचा एक पाय धरला होता.

“जरा सरकवूया,” तो म्हणाला. “पोरीला नीट मोजता येईल.”

दुसऱ्या टोकाशी मीच उभा होतो. मी वाकलो.