कोटवाल्याचं बराबर

एका शब्दावर माणूस किती दिवस संसार करू शकतो, सांगा बरं?

आमचा सुरेशदादा सध्या करतोय. पोळ्याच्या आसपास त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले. काठी घेऊन तो आता गच्चीवरसुद्धा जातो. बोलणं मात्र गेलं, आणि जाताना एकच शब्द मागं ठेवून गेलं. बराबर.

“चहा घेणार का?”

“बराबर.”

“पंखा लावू का राहू देऊ?”

“बराबर.”

“मी कोण, वळखलं का?”

“बराबर!”

सुनीतावहिनी म्हणते, “लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझं सगळं बराबर आत्ताशी व्हायला लागलंय बघा!” आम्ही हसतो. तीही हसते, आणि मग काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात निघून जाते.

जालन्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं, “त्यांना सगळं कळतं. शब्द आत अडकलेत. एक दुसरा शब्द बाहेर येऊ द्या, बाकीचे त्याच्या मागं येतील. तोवर तुम्ही बोलत राहा. लहानपणीचं बोला.”

म्हणून दर रविवारी मी तीर्थपुरीहून एसटीनं नवीन जालन्याला दादाच्या घरी जाते. जुन्या जालन्यातून आमचा चुलतभाऊ बाळू येतो. आमच्या शेजारची शैला लग्न होऊन जालन्यातच आहे, तीही येते. आणि आम्ही कोटवाल्याचे किस्से काढून बसतो. किश्शांचं असं असतं, की एक ओढला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. त्यातून सांगणारे तिघं असले, की एकाच किश्शाचे तीन होतात. आमच्याकडं तर आता टोपलं भरलंय.

* * *

कोटवाला घरात आला तो फवारणीच्या पंपामुळं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पंपाचं वायसर आणायला जुन्या जालन्यात गेले होते. वायसर मिळालं न्हाई. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला! आईला सांगितलं, “अभ्यासाचं मशीन आहे. अक्षरं शिकवतं.”

गावात तसले गेम आणखी दोघातिघांकडं होते. त्यांच्या कॅसेटमध्ये उड्या मारणारी, गोळ्या झाडणारी माणसं होती. आमच्या कॅसेटचा कागदच निघालेला. आत होता निळ्या कोटातला एक माणूस, त्याच्या मागं तीन बंद दारं, आणि पुढं रिकाम्या चौकटींची एक ओळ. बाण सरकवून एक एक इंग्रजी अक्षर निवडायचं. बरोबर आलं तर ते चौकटीत बसायचं आणि कोटवाला टाळ्या वाजवायचा. चुकलं तर तो मान हलवायचा. फारच चुकलं तर पाठ फिरवून उभा राहायचा. ओळ पूर्ण झाली की एक दार उघडायचं आणि आत बक्षीस दिसायचं.

दादानं दहा मिनिटं बघितलं आणि रडकुंडीला आला. “अण्णा, याच्याकडं बंदूक कुठंय?”

अण्णा म्हणाले, “त्याच्याकडं कोट आहे!”

* * *

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. दादा सातवीत, म्हणजे घरातला सगळ्यात मोठा विद्वान. रिमोट आमच्या हातात असला तरी बोलायचा तो. कोटवाल्याला आवाज नव्हता, तो आवाज दादानं दिला. अक्षर लागलं की कोटवाल्याच्या टाळीच्या आधी दादा ओरडायचा, “बराबर!” आणि चुकलं की कोटवाल्यासारखीच मान दोन्हीकडं हलवून, घशातून ताणून म्हणायचा, “गऽलत!”

एकदा फार खटपटीनं एक ओळ पूर्ण झाली. दादानं ती बोट ठेवून वाचली. “ए... पाय... सी... ऑफ... काके.” क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, “काकाचा पाय!”

तेवढ्यात दार उघडलं. आत मऊमऊ गादीची आरामखुर्ची!

शैलाला काही पटेना. “काकाच्या पायाचा आन् खुर्चीचा काय संबंध?”

“याडे, पाय दुखत असंल त्याचा. मंग खुर्ची नको का?”

आम्हाला एकदम पटलं. इतकं पटलं, की पुढं शाळेत सरांनी फळ्यावर ‘पीस’ हा शब्द लिहून अर्थ विचारला, तेव्हा सगळ्यात आधी शैलाचा हात वर.

“पाय, सर!”

“बरं. आणि केक म्हणजे?”

“काका!”

सरांनी खडू खाली ठेवला. “कुणी शिकवलं गं तुला?”

मागच्या बाकांवरून सगळे एका सुरात ओरडले, “कोटवाल्यानं!”

हा कोण नवीन मास्तर गावात आलाय ते बघायला सर त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरी आले. लाईट जाईपर्यंत उठलेच न्हाईत.

* * *

शैलाची आई, शांताकाकू, आमच्याकडं विरजण मागायला आली की टीव्हीसमोर थबकायची. कोटवाला दिसला की आधी पदर डोक्यावर. परका पुरुष तो!

एकदा ती म्हणाली, “का रे सुरेश, सकाळी पाहिलं तवा बी हा हुबाच, आता बी हुबाच. बसायला कुणी खुर्ची देत न्हाई का त्याला?”

“काकू, खुर्ची काकाला दिली.”

तेवढ्यात आमची अक्षरं चुकत गेली आणि कोटवाल्यानं पाठ फिरवली. काकूचा चेहराच उतरला. “बघा! राग आला त्याला. दिवसभर उभं करून ठिवलं, चहा तरी विचारला का रे कुणी?”

* * *

आता बाळूचा किस्सा. हा बाळूसमोरच सांगावा लागतो, न्हाईतर मजा न्हाई.

बाळूची पाळी आली, की तो डोळे मिटून ‘बी’ निवडायचा. का, तर त्याचं नाव बी वरून सुरू होतं. दर वेळी बी. दर वेळी कोटवाल्याची मान नकारात. दादा वैतागून म्हणायचा, “गऽलत! बाळ्या, जगातलं सगळं तुझ्याच नावानं सुरू होत न्हाई!”

आणि बाळू सुट्टीत मामाच्या गावाला, मंठ्याकडं गेला, तेव्हाच नेमकं पहिल्या चौकटीत बी लागलं! दादाला राहवेना. ही बातमी बाळूला कळलीच पाहिजे. त्यानं स्टँडवर जाऊन तिकडच्या एसटीच्या कंडक्टरला निरोप दिला, “बाळूच्या मामाला सांगा, तीर्थपुरीला बी बराबर आलं!”

दिवस पेरणीचे. मामाच्या वावरात बियाणं धड उगवलेलं नव्हतं. निरोप मिळाला तसे मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आमच्या दारात हजर.

“कुठल्या पिशवीतलं हो पाव्हणं?”

अण्णा गोंधळले. “काय कुठल्या पिशवीतलं?”

“तुमचं बी बराबर आलं म्हणं!”

दादाला वाटलं, मामाला गेममध्ये फारच गोडी दिसते. तो त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला, टीव्ही लावला आणि चौकटीतलं अक्षर दाखवलं. “हे बघा मामा. बी.”

मामांनी टीव्हीपुढं वाकून ते अक्षर नीट निरखलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “याला पाणी किती लागतं?”

मागच्या रविवारी हा किस्सा बाळूनं स्वतः सांगितला. दादा इतका हसला, की डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी सांगायला त्यानं बाळूचा हात धरला, ओठ हलवले, मान ताणली. आम्ही सगळे पुढं वाकलो.

“बराबर,” दादा म्हणाला, आणि हात सोडून दिला.

* * *

तिसरं दार आमच्याकडून कधीच उघडलं न्हाई. त्याच्यामागं कार असणार, अशी दादाची पक्की खात्री होती. पहिली दोन उघडून तिथवर पोचलो, की लाईट जायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा अगदी शेवटचीच काही अक्षरं राहिली होती. दादा उठून उभा राहिला, “मला आलं, मला आलं” म्हणाला, आणि मशीनच्या अडॉप्टरमधून धूर निघाला!

मशीन माळ्यावर गेलं. दादाच्या मनातून मात्र तिसरं दार गेलं न्हाई. ते थेट त्याच्या लग्नात निघालं. उखाणा घ्यायचा आग्रह झाला, तसा हा पठ्ठ्या मांडवात उभा राहून म्हणाला,

“अक्षर लागलं बराबर, उघडलं तिसरं दार,
सुनीता आली घरात, आता कशाला हवी कार!”

आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. मुलीकडची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. वहिनीचे वडील घाम पुसत अण्णांना बाजूला घेऊन गेले.

“पाव्हणं, कारचं आपलं बोलणं झालं नव्हतं.”

अण्णांनी त्यांना कोटवाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते जास्तच घाबरले. “आता हे कोटवाले कोण? त्यांचं बी मानपान करायचं राहिलं का?”

* * *

शैलाच्या मुलानं मध्ये मोबाइलवर बरंच शोधलं. तो म्हणाला, “मावशी, परदेशात टीव्हीवर एक स्पर्धा लागायची, तिच्यावरून काढलेला गेम आहे हा. कार्यक्रम लवकरच बंद पडला. गेमही कुणी घेतला न्हाई म्हणे. कुणाला आठवतसुद्धा न्हाई.”

शैला म्हणाली, “तिकडं कुणी घेतला नसंल. आमच्या ओसरीवर चपला ठेवायला जागा नसायची!”

मी दहावीपर्यंत शिकले. पुढं शिकायचं राहून गेलं. पण आजही बाजारात इंग्रजी पाटी दिसली, की मी ती वाचते, आणि वाचून झाली की कानात दादाचा आवाज येतो, बराबर. हा शब्द मला इतका आवडायचा. आता तो ऐकला, की दुसरा कुठलातरी शब्द ऐकावा म्हणून जीव कासावीस होतो.

* * *

या रविवारी बाळू हातात कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीतून त्यानं काय काढावं? आमचं मशीन! गावाकडच्या माळ्यावरून आणून, नवा अडॉप्टर बसवून. शैलानं तिचा जुना टीव्ही ऑटोत घालून आणला, कारण नव्या टीव्हीला ती वायर बसत न्हाई म्हणे. कॅसेट दोनदा फुंकली, तीनदा काढून घातली. आणि निळा कोट समोर उभा राहिला. एवढ्या वर्षांत एक केस पांढरा झालेला नव्हता!

दादा सरळ होऊन बसला. काठी भिंतीला टेकवली.

वहिनीनं कोटवाल्याला पहिल्यांदाच बघितलं. म्हणाली, “हाच का तो? याच्यापायी माझ्या बापाला मांडवात घाम फुटला होता?”

बाळूनं रिमोट घेतला. डोळे मिटले आणि निवडला बी. कोटवाल्यानं मान हलवली. आम्ही कोणीच टीव्हीकडं बघत नव्हतो. सगळे दादाकडं बघत होतो.

दादाची मान हलली. कोटवाल्यासारखीच, दोन्हीकडं. घशातून काहीतरी वर आलं. अगदी ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं.

“बराबर,” तो म्हणाला.

त्याला स्वतःलाच ते पटलं न्हाई. त्यानं मांडीवर हात आपटला. बाळूनं पुन्हा चुकीचं अक्षर लावलं. मी लावलं. शैलानं लावलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही मुद्दाम चुकत होतो.

“बराबर. बराबर. बराबर!” दादाचा चेहरा लाल झाला. शेवटी कोटवाल्यानं पाठ फिरवली.

वहिनीनं उठून बटण बंद केलं. “असू द्या आता. दमले ते.”

बाळू वायर गुंडाळत म्हणाला, “वहिनी, चुकलं आमचं. उगाच आणलं.”

“चुकलं कशानं? किती दिवसांनी ताठ बसले होते ते. मशीन राहू द्या इथंच.”

शैला आणि बाळू घरी गेले. शेवटची एसटी निघून गेली होती, म्हणून मी तिथंच थांबले. जेवताना दादा ताटाकडं बघत राहिला. मी त्याला म्हटलं, “दादा, तिसऱ्या दाराचा शब्द तुला आला होता ना रे तेव्हा? तो सांगायचा राहिलाय हां. मी वाट बघतेय.” त्यानं माझ्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. बोलला काहीच न्हाई. बराबरसुद्धा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहात साखर घालायची विसरली. तिनं कप दादाच्या हातात दिला आणि नेहमीसारखं विचारलं, “बराबर झालाय का?” दादानं एक घोट घेतला, कप बशीत ठेवला, मान दोन्हीकडं हलवली आणि म्हणाला, “गऽलत.”