बाजेला दिलेला धक्का

२० एप्रिलची गोष्ट. मी गच्चीवर मुगवड्या घालत होते, आणि शेजारचे भाऊजी गच्चीवर आले नव्हते. दुसऱ्याला शहाणं करून सोडण्याची त्यांच्याइतकी हौस रायपूरजवळच्या आमच्या अख्ख्या बीरगावात कुणाला नसेल.

सारा जन्म जवळच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे काढला आणि निवृत्त होताच क्वांटम भौतिकशास्त्राच्या मागे लागले, कारण मुलगी परदेशात त्यातच संशोधन करते. "पोट्टी काय करून राहिली, बापाले समजू नये काय?" रविवारी तिचा फोन यायचा, म्हणून शनिवारी तालीम माझ्यावर. पोळपाटावरचं पीठ, दोरीवरचे कपडे, समजावायला त्यांना काहीही चालायचं. एकदा सिलिंडर आणणाऱ्या भैयालाच धरलं. तो बिचारा "हव, हव" म्हणत, मान डोलावत रिकामं सिलिंडर विसरून पळाला.

गेल्या वर्षी मी असंच बाजेवर वड्या घालत असताना ते येऊन उभे राहिले. "वहिनी, ह्या वड्या म्हणजे कण समजा. सारे शांत. आता एकदम धक्का बसला, तर जागोजागून जोड्या सुटतात. जोडीतली एक इकडे पळते, एक तिकडे. कितीबी दूर जाऊ द्या, एकीचं पुरतं सांगाले दुसरी लागतेच. गुंता तिथूनच सुरू होते."

"धक्का म्हणजे कसा?" मी विचारलं. चूक माझीच.

त्यांनी बाजेला गुडघा मारला. बाजेच्या पायाखालची वीट निसटली आणि चार किलो डाळीच्या ओल्या वड्यांचा एका कोपऱ्यात लगदा झाला.

"तुमचा गुंता तुमच्या घरी ठेवा, भाऊजी!" मी गच्चीवरच्या चार बायकांसमोर ओरडले. त्यांनी वीट उचलून पायाखाली नीट बसवली आणि खाली गेले.

त्यानंतर शनिवार बंद. आमची भिंत एकच. आधी रविवारी पलीकडून अर्धा तास वाद आणि बापलेकीचं हसणं ऐकू यायचं. आता फक्त, "जेवली काय? थंडी आहे काय तिकडं? बरं, ठेव."

माफी मागणं मला जमत नाही. वड्या पोचवणं जमतं. रायपूरच्या उन्हात त्या एका दिवसात वाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात रांगा लावून मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"भाऊजी, ते जोडीचं पुन्हा सांगा. तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं."

ते ताटावर वाकले. मग एका वडीला टिचकी मारली.

"खडखडीत वाळल्या, वहिनी. यांच्यात आता धक्क्यानं काही होत नाही, त्याले ओल्याच लागतात."

मी ताट तिथेच ठेवलं, घरी आले आणि पुन्हा डाळ भिजत घातली.