मधे एकही मुक्काम नाही

एखादं गाव किती लांब, असं सखातात्याला विचारलं की तो मुक्कामात सांगायचा. "जेजुरी तीन मुक्काम. मेंढरं गाभण असली तर चार."

गावच्या नात्याने तो माझा दीर. पिंपळीत आमची रानं शेजारी. मेंढरं विकून त्याने कधीचा ऊस लावला होता, पण मोजणी तीच राहिली. बारामतीच्या धावपट्टीवरून विमान शिकणारी पोरं आमच्या उसावर घिरट्या घालत. तात्या बांधावर उताणा पडून बघत राहायचा. म्हणायचा, "कोकरूच हाय ते, वैनी. आईपासनं लांब जात न्हाय."

बायको आधीच वारलेली. एकुलती एक लेक सुमन नर्स झाली आणि तिला दिल्लीच्या दवाखान्यात नोकरी लागली. तात्याने जेवण सोडलं. उपाशी राहून दिल्ली जवळ येत नाही, असं मी त्याला सुनावलं. सुमनने मात्र गोडीने सांगितलं, पुण्याहून विमानाने दोनच तास लागतात. तात्या एकदम खुलला.

"दोन तास म्हंजी इंदापूर की. एष्टीची वाट बघण्यासकट."

तेव्हापासून कोणी विचारलं, तर लेक इंदापूरला असते म्हणायचा. एकाने तर तिच्याकडून इंदापूरच्या बाजारातली पेंड मागवली.

मग सुमनने त्याला एकदा दिल्ली दाखवायला नेलं. विमानात तो खिडकीला नाक लावून बसला होता म्हणे. खाली पिंजलेली लोकर पसरल्यासारखे ढग, आणि दुसरं काहीच नाही. मग परत आला. चार दिवसांनी बांधावर बोलला.

"इंदापूर न्हाय ते, वैनी. मधी एक बी मुक्काम न्हाय. ना हीर, ना झाड, ना वळखीचं माणूस. माघारी यायचं म्हणलं तर वाट कुठनं धरायची?"

विमान असताना चालत कशाला यायचं, असं मी विचारलं.

"जीव चालतच येतो. त्याला तिकीट न्हाय."

यंदा उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरलं. मी सुमनला फोन केला. ती निघाली म्हटलं तरी त्याचं एकच चाललं होतं, पोरीला वाट गावायची नाही. वर विमान वाजलं की डोळे उघडायचा, आवाज विरला की मिटायचा.

दुपारी पुण्याहून गाडी आली. वाटेत चहालासुद्धा थांबले नाही, असं सुमन मला दारातच म्हणाली. तात्याने तिचा हात धरला आणि विचारलं, "मुक्काम कुठं कुठं केलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या उशाशी बसली.

"पयला सासवडला. मग जेजुरी. मग मोरगाव. काल लोणी भापकरला हुते, तात्या."

दिल्लीचं नाव तिने घेतलं नाही. एकेका नावाला तात्या डोळे मिटूनच मान हलवत होता, पायाखाली ओळखीची वाट लागल्यासारखा.

"तितं पाणी हाय?"

"हाय. मेंढरं बी प्याली."

"मग आलीस की घरी."

ऊन उतरायच्या आत तो गेला.

मला खोटं खपत नाही, कोणाचंही असो, तोंडावर सांगते. त्या दुपारी मी आत गेले आणि सुमनसाठी चहा टाकला.