कोर्टाची इर्जिक

"पाय रवला की हात मोकळा."

अंबूबाईचं हे बोलणं मार्गासनीपासून वर डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. खाचरात कुणी नवी सून घसरली, तरी अंबूबाई हेच म्हणायची. कुणाचा लेक पुण्याला नोकरी धरायचा नि सोडायचा, तरी हेच. बायका हसायच्या. "आली बगा पाय रवनारी," म्हणायच्या. अंबूबाईही हसायची, आणि मिश्री लावलेले तिचे काळे दात ऊन पडल्यासारखे उघडे व्हायचे.

ती मूळची सारोळ्याची. नीरेच्या काठची, ज्वारी नि उसातली. भाताचा चिखल तिनं लग्नाआधी पाहिलाही नव्हता. नवी नवरी म्हणून वाडीत आली आणि पहिल्याच लावणीला सगळ्या जावांसमोर पाठीवर पडली. गुडघाभर चिखलातून ती उठली, हिरव्या पातळाचं काळं पातळ झालं होतं, आणि तिथंच उभं राहून तिनं स्वतःला सांगितलं, आधी पाय रव. नवरा पुढं हमालीला म्हणून पुण्याला गेला तो गेलाच. पोर नाही, बाळ नाही. पण पाय रवलेला होता. चाळीस पावसाळ्यांत त्या खोऱ्यात अंबूबाईसारखी लावणी करणारी दुसरी झाली नाही. तिच्या हाताखाली बायकांची फळी चालायची. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. पैसे नाहीत, मजुरी नाही. ज्याचं शेत त्यानं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. त्याला इर्जिक म्हणतात. देणं फिटतं ते आपण दुसऱ्याच्या चिखलात उतरल्यावर.

मंगल याच फळीतली. गेनूची बायको. गेनूचा टेम्पो घाटात उलटला, त्यात तो गेला, आणि मंगल लहानग्या लेकीला, सोनियाला, घेऊन सासरी राहिली. घरात सासू बाळाबाई आणि थोरला दीर कुमार. कुमारची बायको केव्हाच सोडून गेलेली. मंगल त्याला भावजी म्हणायची, त्याच्या पुढ्यात डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. त्या घरात तिच्या खोलीला दार होतं, पण आतून कडी नव्हती. तिथं काय झालं ते मंगलनं पुढं जिथं सांगायचं तिथं सांगितलं. या गोष्टीला तेवढं पुरे.

त्या वर्षीच्या लावणीत अंबूबाईच्या नजरेला एक गोष्ट खटकली. रोप लावणारी बाई नेहमी मागं मागं सरकते. पुढं हिरवी ओळ उमटत जाते आणि पाऊल मागच्या चिखलात पडतं. मागं बघायची गरजच नसते. पण मंगल दर चार मुठींना मान वळवून मागं बघत होती. बांधावरून कुणी गडी गेला की तिच्या हातातली रोपाची जुडी सुटायची. तिची ओळ वाकडी चालली होती. दुसरी कुणी असती तर अंबूबाईनं फाडून खाल्ली असती.

अंबूबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. आपली जागा सोडून ती मंगलच्या मागच्या बांधावर जाऊन बसली.

"लाव तू," म्हणाली. "मागं मी हाय."

मंगलनं दोन मुठी लावल्या. तिसरी हातातच राहिली आणि ती चिखलात उभ्या उभ्या रडायला लागली. बाकीच्या बायका थांबल्या. अंबूबाईनं त्यांना हातानंच पुढं हाकललं.

जेवणाच्या सुट्टीत मंगलनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "भाऊ म्हनतो, कामथडीला निगून ये. आत्याबाई म्हनत्यात, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. मी जाते मावशी माहेराला."

अंबूबाईनं पायावरचा चिखल खरवडला. मग म्हणाली, "चोर घरात आन धनीन रस्त्यावर? ही कुठली रीत गं?"

भोर गावात एका घरी अंबूबाई वर्षाचा तांदूळ पोचवायची. त्या घरच्या शुभाताई वकील होत्या, कोर्टात गरजू बायकांना सरकारकडून जो फुकट वकील मिळतो, त्या यादीतल्या. अंबूबाईला कायद्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की शुभाताई तांदळाचा दाणा दातानं तोडून बघत नाहीत, माणसावर विश्वास टाकतात. ती मंगलला घेऊन गेली.

शुभाताईंनी आधी चहा दिला. मग मंगलला विचारलं, "पोलिसांत फिर्याद द्यायची वाट उघडीच आहे. तू म्हणशील तेव्हा मी बरोबर येईन. पण ती एकच वाट नाही. आज तुला स्वतःला काय हवंय, ते सांग."

हा प्रश्न तिला तोवर कुणीच विचारला नव्हता. मंगल खाली बघून म्हणाली, "माज्या घरात मला आतनं कडी लावून निजायचंय. सोनियाला घिऊन. बास."

"मग ऐक," शुभाताई म्हणाल्या. "घरात राहणाऱ्या माणसानं बाईवर असा हात टाकला, तर तीही कौटुंबिक हिंसाच. नवऱ्यानं केली तरच असं नाही, दिरानं केली तरी. त्या कायद्यानं कोर्ट तुला संरक्षण देऊ शकतं. त्यानं तुझ्याजवळ फिरकायचं नाही, बोलायचं नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुला तिथं राहायचा हक्क आहे, आणि त्याला तिथून बाहेर काढा असं आपण मागू शकतो. झालेल्या त्रासाची भरपाईही मागता येते. कुणाला तुरुंगात घालण्याचा हा अर्ज नाही. हा तुझ्या घराचा अर्ज आहे."

अंबूबाईनं मान हलवली. "म्हंजी मी म्हनत हुते तेच. कायदा शाना हाय."

"तुमच्याच शाळेत शिकलाय तो," शुभाताई हसल्या.

अर्ज दाखल झाला. कुमारला नोटीस गेली आणि वाडीचं तोंड फिरलं. पारावर माणसं बोलायची ती मंगल आली की गप्प व्हायची. बाळाबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. आणि पहिली तारीख आली तेव्हा अंबूबाईच्या हातून चूक झाली.

तिच्या लेखी काम म्हणजे इर्जिक. मोठं काम एकटीनं होत नाही, सगळ्यांनी उतरायचं. तिनं फळीतल्या सगळ्या बायका टेम्पोत भरून भोरला नेल्या. आणि जिचं काम, तिनं जेवू घालायचं, ही तर रीतच. मंगल पहाटे उठून भाकऱ्या थापत बसली, आमटीचं पातेलं फडक्यात बांधलं. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली पंगत बसली. शुभाताई दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कामात होत्या. तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. मंगलचंच नाव.

मंगल वाढत होती. तिनं पळी खाली ठेवली.

"पंगत अर्धी टाकून उठतीस व्हय?" अंबूबाई म्हणाली. "एवढी आमटी फिरीव आन जा. कोर्ट काय पळून जातंय?"

कोर्ट पळून जातं. मंगल हात पुसत पायऱ्या चढेपर्यंत कुमारच्या वकिलानं सांगून टाकलं होतं की अर्जदार बाई हजर नाही, तिला अर्ज चालवायचाच नाही, काढून टाका. कुमार बाकावर पाय पसरून बसला होता. मंगलला बघून तो गालात हसला. तिला वाटलं, सगळं संपलं. आता जायचं कुठं?

शुभाताई धावत आल्या. त्यांनी हात जोडून सांगितलं, बाई आवारातच आहे, पहिल्यांदाच कोर्टात आली आहे. न्यायाधीशबाईंनी दारात उभ्या मंगलकडे पाहिलं. तिच्या बोटांना अजून आमटी लागलेली होती. "जेवणानंतर घेऊ," त्या म्हणाल्या.

दुपारी शुभाताईंच्या मागणीवरून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. आत फक्त ज्यांचं काम तेच. मंगलनं सांगायचं ते सांगितलं. तिचा आवाज बाहेर आला नाही. बाहेर बायका चिडीचूप बसल्या होत्या आणि अंबूबाई चिंचेला पाठ लावून, उपाशीच. तिनं ताटातला घासही उचलला नव्हता.

मंगल बाहेर आली. कुमारनं निकाल लागेपर्यंत तिच्या खोलीकडं फिरकायचं नाही, असा तात्पुरता हुकूम मिळाला होता. बायकांनी तिला कवटाळलं. अंबूबाई मात्र जागची हलली नाही.

"माज्यामुळं बुडालं असतं आज," ती म्हणाली. "आमटीपायी."

"आमटी मातुर झ्याक हुती," फळीतली सगुणाबाई म्हणाली, आणि त्या सगळ्या इतक्या हसल्या की शिपाई बाहेर येऊन ओरडला.

परतीच्या टेम्पोत अंबूबाईनं इर्जिकेची रीत बदलली. बापजाद्यांपासूनची रीत, पण तिनं बदलली. "कोर्टाची इर्जिक येगळी," ती म्हणाली. "दर तारखेला एकीनंच जायाचं, पाळीपाळीनं. भाकरी आपली आपन न्यायची. धनिनीचा घास खायचा न्हाई. आन मंगलच्या डोळ्यापुडं बसायचं, बास. बोलायचं बी न्हाई."

मग वर्ष सरलं. तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीशबाई रजेवर, कधी कुमारचा वकील आजारी. नसरापूरला गाडी बदलून मंगल भोरला जायची आणि दरवेळी तिच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी असायचं. सगुणाबाई झोपा काढायची. अश्विनी मोबाईलवर पोरांना ओरडायची. पण असायच्या. वाडीतल्या गड्यांनी घरात कुरकुर केली, तेव्हा बायकांनी एकच सांगितलं, आमची पाळी हाय. पाळी म्हटल्यावर त्या खोऱ्यात कुणाला पुढं बोलता येत नाही. आणि मंगलनंही देणं ठेवलं नाही. जी जी तिच्याबरोबर गेली, तिच्या तिच्या खाचरात ती उतरली. तिची ओळ पुन्हा सुतासारखी सरळ झाली. मान वळेनाशी झाली. मध्ये एके दिवशी, कुणी न सांगता, ती शुभाताईंना म्हणाली, "आता फिर्याद बी द्यायची." ती वाटही सुरू झाली, आणि आपल्या चालीनं चालली आहे.

घराच्या अर्जाचा निकाल भात निसवून लोंब्या बाहेर पडल्यावर लागला. कुमारनं घर सोडायचं, पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि त्याला काढताना पोलिसांनी हजर राहायचं. त्यानं सारोळ्याच्या पुलाजवळ खोली घेतली. एक हवालदार आणि एक बाई शिपाई येऊन उभे राहिले, कुमारनं ट्रंक आणि गादी टेम्पोत टाकली, आणि वाडी बघत असताना टेम्पो उतरणीला लागला. बाळाबाई ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. लेकच होता तिचा.

सुतारानं आतून कडी बसवली. सोनियानं ती लावली, काढली, परत लावली. "आये, किती कडक हाय!" आतून तिचा आवाज आला.

मंगल अंबूबाईच्या पायावर डोकं ठेवायला वाकली. अंबूबाईनं तिला मध्येच धरलं. "पाया पडायचं त्या शुभाताईच्या पड. मी तर अर्ज बुडवायला निगाले हुते."

"मावशी, तुमी मागं बसला नसता, तर मी कुठं असते?"

"कामथडीला," अंबूबाई म्हणाली. "भावजयीची भांडी घाशीत." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "वरच्या वाडीतनं निरोप आलाय. अशीच एक पोर हाय, घरात कुनाशी बोलंना. जाते, बसते तिच्यापशी जरा."

"मी येऊ?"

"आज नगं. आज तू घरात ऱ्हा."

ती निघाली. नऊवारीचा काष्टा सावरत, खाचरांच्या बांधावरून, एकेक पाऊल दाबून टाकत. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडायला लागला होता. मंगल आपल्या दारात उभी राहून बघत होती. ओट्यावर बाळाबाई केव्हाची भिंतीकडं तोंड करून बसली होती, ती हळूच वळली. हातानं भिंत धरून उठली आणि सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली. वळणावर अंबूबाई दिसेनाशी झाली, तरी दोघी तिकडंच बघत राहिल्या.