दोनच कोठड्या

आमच्या दिवा स्टेशनजवळच्या वस्तीत पाण्याचा टँकर आला की भांडण ठरलेलंच. त्या दिवशी पाइप आधी कुणी लावायचा यावरून आमच्याच मजल्यावरच्या तिघांशी माझी जुंपली, एकाचा ओठ फुटला आणि दिवेलागणीला पोलिसांनी आम्हा चौघांनाही उचललं. मीही नडलेलो, नाही कशाला म्हणू? पाण्यावरून माझं डोकं सटकतंच.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "शर्ट काढा रे सगळे, झडती घ्यायचीय," आणि माझी बोटं पहिल्याच बटणावर अडकली. मी जन्मलो मुलगी म्हणून. आता दाढी आहे, आवाज घोगरा आहे, बिल्डिंगमध्ये सगळे मला दादा म्हणतात. शर्टाच्या आत मात्र छाती आवळून बांधलेली. ते तिघे शर्ट काढून खुन्नसनं माझ्याकडे बघत उभे. ह्यांच्याबरोबर एका कोठडीत?

तेवढ्यात आई आली. आमची आई कोळीण, बाजारात मासळी विकते, चार माणसांना भारी. मला 'अरे' म्हणायला तिला कित्येक वर्षं लागलेली. तिनं बटणावर अडकलेली माझी बोटं पाहिली आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटून ओरडली, "सायब, पोरगी हाय ती माजी! हात नका लावू!"

मी चाचरत म्हणालो, "साहेब, मी ट्रान्स पुरुष आहे."

"ते राहू दे," साहेब म्हणाले. "इथं कोठड्या दोनच. एक बाप्यांची, एक बायांची. बाई असशील तर अंधार पडल्यावर अटक करता येत नाही, घरी जा, सकाळी ये. बाप्या असशील तर शर्ट काढ आणि आत चल. बोल लवकर."

आईनं माझा दंड धरला. "बोल ना रे बाबा."

"बाई आहे मी," म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तिघांतला एक फिस्सकन हसला.

रिक्षात आई रडत होती. "रागावलास काय रे?" म्हणाली. रागावलो नव्हतो, मला भीती वाटत होती. घरी येऊन दाराला आतून कडी घातली, तरी कडीवरचा हात काढवेना. त्या तिघांना सकाळी सोडणार होते, आणि आमच्या दारावरून गेल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.