मधमाश्यांचा धडा

नोएडातल्या आमच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग होते. बैठी इमारत, दारात मदर मेरीची मूर्ती, आणि मुख्याध्यापिका सिस्टरांच्या खोलीबाहेर वाचनाचा तक्ता. दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर एका मुलानं सगळ्या शाळेसमोर इंग्रजीचा धडा वाचून दाखवायचा. नीट वाचला की तक्त्यावर त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. मी पाचवीची वर्गशिक्षिका. खोटं कशाला बोलू, त्या ताऱ्यांची मुलांपेक्षा मलाच जास्त हाव होती.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत माझ्या वर्गात एकाच नावापुढची जागा रिकामी उरली. मुलगी शांत, कधी गैरहजर नाही. आईवडील दोघंही कपड्यांच्या कारखान्यात. तिला अक्षरं ओळखता येत, पण जोडून शब्द करता येत नसे. पहिलीपासून तिला कुणी नापास केलं नव्हतं आणि तिच्याजवळ कुणी बसलंही नव्हतं. चार बाईंनी तिला अशीच पुढे ढकलली होती.

पालकसभेत तिची आई म्हणाली, "मैडम, छठी में बड़े स्कूल में हो जाए तो इसे यहीं रखूँगी. नहीं तो पानीपत, मौसी के पास." पानिपत म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट येते. तिच्या डोक्यात तिथल्या चादरींच्या कारखान्यात राबणारी बहीण होती आणि बहिणीची तीन लहान पोरं, ज्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मोठी शाळा आमच्याच संस्थेची. तिथे मुलाकडून वाचून घेऊन प्रवेश देत.

मी कंबर कसली. मुलीची स्मरणशक्ती अफाट होती. घरी देवीची आरती म्हणणारी ही पोर शाळेतल्या प्रार्थना आणि गाणी सगळ्यांच्या आधी पाठ करायची. वार्षिक समारंभ जवळ आलेला, सिस्टर रोज तक्त्यासमोर उभ्या राहायच्या, आणि मला मुळाक्षरांपासून सुरुवात करायचा कंटाळा आला. मग महिनाभर मधल्या सुट्टीत मी तिच्याकडून मधमाश्यांचा धडा तोंडपाठ करून घेतला. ओळीखाली बोट कसं फिरवायचं, कुठल्या शब्दाला पान उलटायचं, सगळं बसवलं. एका ठिकाणी मुद्दाम अडखळायलाही शिकवलं, खरं वाटावं म्हणून.

शुक्रवारी तिनं धडा असा काही म्हटला की सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तारा मी स्वतः चिकटवला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अच्छा! म्हणजे पूर्ण क्लास झाला तुझा? बढिया यार, आता कशाचं टेन्शन?" हा दिल्लीतच वाढलेला, मराठीत असंच बोलतो. मी त्याला बोटाचं आणि अडखळण्याचं सांगितलं नाही. म्हणजे आपण काय केलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये मोठ्या शाळेत वाचन झालं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा सिस्टरांना फोन आला. मुलीपुढे एका तलावावरचा उतारा ठेवला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मधमाश्यांचा धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. बरोबर त्याच जागी अडखळलीसुद्धा. सिस्टर मला रागावल्या नाहीत. "मुझे भी पता होना चाहिए था," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा रागच हवा होता.

मुलगी मला भेटली तेव्हा खुशीत होती. "मैम, मैंने पूरा सुनाया, एक भी लाइन नहीं छूटी." तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि वाचणं म्हणजे हेच, अशी तिची समजूत मीच करून दिली होती. मला तिच्याकडे बघवेना.

आई आली. ती भांडली असती तर मी काहीतरी बोलले असते. "इसके मौसा दस दिन में लेने आएँगे," ती म्हणाली. "तब तक जितना हो सके सिखा दीजिए, मैडम. वहाँ कौन सिखाएगा."

परीक्षा होऊन पाचवीचा वर्ग संपला होता, तेव्हा रोज दुपारी आम्ही रिकाम्या वर्गात बसू लागलो. या वेळी पुस्तक बंद. फळ्यावर दोन अक्षरं, त्यांचे आवाज, मग तिसरं. पहिले तीन दिवस ती माझ्या तोंडाकडेच बघायची, मी काय म्हणते ते झेलायला. मग मी तिच्याकडे पाठ फिरवून उभी राहू लागले. पाचव्या दिवशी तिनं एक शब्द स्वतः लावला. सातव्या दिवशी चार. नवव्या दिवशी मी दुसरीचं, तिनं कधीच न पाहिलेलं पुस्तक समोर ठेवलं. एक अख्खी ओळ तिनं वाचली. दोन ठिकाणी चुकली, मागे गेली, स्वतःच दुरुस्त केलं. मग दचकून माझ्याकडे बघितलं.

मी शाबासकी दिली. आतून मात्र कोसळले. नऊ दिवस लागले होते. तिच्याबरोबर डबा खात मी अख्खा महिना घालवला होता, त्यातले नऊ दिवस जरी असे दिले असते तरी ही मुलगी सहावीत गेली असती. तिला शिकवता येत होतं. मी शिकवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी तिसरीचं पुस्तक घेऊन मी वाट बघत बसले. चार वाजता शिपायानं सांगितलं, ती सकाळच्याच गाडीनं गेली.